न साफ केलेलं रिव्हॉल्वर

ग्यानबा म्हाताऱ्यानं पिशवी टेबलावर ठेवली, तेव्हाच बाबूलालच्या कानांनी ओळखलं की आत काय आहे. लोखंड पुष्कळ तऱ्हेचं असतं. स्टोव्हची टाकी वेगळी वाजते, शिलाई मशीनचं चाक वेगळं वाजतं. हा आवाज जड, ठोस आणि आखूड होता. असा आवाज त्यानं अठरा वर्षं ऐकला होता.

"काय हाय त्यात?" त्यानं विचारलं.

"मला काय ठाव. पाटलानं दिलं, म्हनले बाबूलालच्या दुकानात ठेव आन् ये."

"तू घेऊन जा परत."

"मालक म्हनले ठेव," एवढंच म्हणून म्हातारा वळला आणि बाजाराच्या गर्दीत मिसळूनही गेला.

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची, हुमनाबादच्या बाजाराच्या दिवसाची. पाटील म्हणजे दुबलगुंडीचा किशनराव; ग्यानबा त्याचा गडी. आणि पिशवीत होतं ते त्याचं परवान्याचं रिव्हॉल्वर.

बाबूलाल मूळचा भालकी तालुक्यातल्या मेहकरचा. निजामाचं राज्य गेलं, त्याच्या दुसऱ्याच वर्षी तो बिदरला जाऊन पलटणीत भरती झाला. तिथं हत्यारं दुरुस्त करण्याच्या कामावर त्याला घातलं आणि तो त्या कामाला असा चिकटला की साहेब लोक नाव घेऊन बोलावू लागले. छप्पन साली गावाकडून वडलांचं पत्र आलं की आपण सगळ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानं ते पत्र बराकीत तीन वेळा वाचलं आणि घडी करून ट्रंकेत ठेवलं. सदुसष्टला पेन्शन घेऊन तो परत आला, तेव्हा गाव पुष्कळसं होतं तसंच होतं. म्हणून त्यानं मेहकरात न राहता हुमनाबादेत दुकान टाकलं. स्टोव्ह, कुलपं, शिलाई मशीन, कंदील, जे येईल ते.

पण आजूबाजूच्या पाच-पंचवीस गावांतले बंदूकवाले पाटील-देशमुख त्याला ओळखत होते ते वेगळ्या कामासाठी. ठाण्यात दरसाल हत्यार दाखवायला न्यावं लागे. त्याआधी ते साफ करून घ्यायला बाबूलालसारखा माणूस या भागात दुसरा नव्हता. या कामाचे त्याचे नियम ठरलेले होते. हत्यार दुकानात येणार नाही, तोच मालकाच्या घरी जाईल. मालक समोर बसेल. गोळ्या मालकाच्या हातात राहतील. ओसरीवर, उघड्यावर, चार माणसांच्या देखत काम होईल. आणि काम चालू असताना मालक उठून गेला, तर बाबूलाल हत्यार खाली ठेवून हात मांडीवर घेऊन बसेल.

लोक हसत. "पलटनीची शिस्त हाय त्याची," म्हणत. ती शिस्त नव्हती, ती भीती होती, आणि बाबूलालला ते चांगलं ठाऊक होतं. ज्याच्या नावावर परवाना नाही त्याच्याजवळ हत्यार सापडलं की सरळ खटला. त्यात हत्यार ओळखणारा माणूस, त्यात त्याच्या जातीचा. कोण विचारणार होतं की पिशवी कुणी ठेवली?

आणि किशनरावाकडून ती आली म्हटल्यावर संशयाला जागाच जागा होती. आदल्या वर्षी दुबलगुंडीतल्या बौद्ध घरांनी विहारासाठी गावठाणातली जागा मागितली. अर्ज बाबूलालनं लिहून दिला होता, साक्षीला सहीही केली होती. त्या अर्जाच्या आडवा पडला तो किशनराव. तहसिलीत दोघं समोरासमोर आले होते तेव्हा किशनराव त्याच्याकडं न बघता म्हणाला होता, "लिवता येतं म्हनून समदीकडं लिवायचं नसतं."

बाबूलालनं पिशवीला हात लावला नाही. बाजूच्या दुकानात लिंगम्मा बांगड्या विकत बसे. त्यानं तिला हाक मारली.

"लिंगम्मा अक्का, जरा हिकडं ये. ही पिशवी बघ."

"बघितली. काय बाबूअण्णा?"

"ही माजी न्हाई. दुबलगुंडीच्या ग्यानबानं आत्ता ठेवली. मी उघडली न्हाई, हात लावला न्हाई. ध्यानात ठेव."

लिंगम्मानं पिशवीकडं बघितलं, मग त्याच्या तोंडाकडं. आपला पाट घेऊन ती त्याच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली.

बाबूलाल उभा राहून विचार करू लागला. ठाण्यात जाऊन सांगावं, तर किशनरावाचा परवाना जाईल आणि तो जन्माचा वैरी होईल. ग्यानबाच्या मागं पळत जाऊन पिशवी त्याच्या गळ्यात मारावी, तर वाटेत पोलिसानं हटकलं की संपलं. दुकान बंद करून निघून जावं, तर पिशवी आत आणि कुलूप आपलं. मग त्याच्या मनात आलं, ग्यानबा आला कशानं? दुबलगुंडीहून या वयात पायी येणार नाही. गाडी आली असेल. आणि किशनराव आपली गाडी एकट्या गड्याच्या हाती कधी देत नाही, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. वैरणीच्या पेंढ्यासुद्धा मोजून घेणारा माणूस तो.

त्यानं रस्त्यापलीकडं नजर टाकली. हॉटेलच्या बाजूला लिंबाखाली किशनरावाचे पांढरे बैल सोडलेले होते. आणि हॉटेलात, आतल्या बाकावर, दाराकडं तोंड करून किशनराव बसला होता. तिथून बाबूलालचं अख्खं दुकान दिसत होतं.

बाबूलाल रस्ता ओलांडून सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"पाटील, तुमची पिशवी माज्या दुकानात राहिली."

"राहिली न्हाई. ठेवायला लावली."

"कामून?"

"तू काय करतूस ते बघायलो व्हतो."

किशनरावानं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली घेतला. "दोन सालामागं तूच साफ केलतास. तवा गोळ्या आपसूक बसायच्या. आता एक बी पुरी जाईना. चक्री फिरंना. कुनी तरी हात केलाय माज्या हत्याराला. म्हनलं बघावं, पिशवी दिसल्यावर तू काय करतूस. गुपचूप उघडून काय नीट करायला लागलास, तर समजायचं तूच."

"आन् उघडली असती तर?"

किशनरावानं ठाण्याच्या दिशेला बघितलं.

"चला," बाबूलाल म्हणाला. "तुमचं हत्यार तुमी कमरेला लावा. तुमच्या वसरीवर बसून बघू. तुमच्या देखत."

पिशवी किशनरावानं स्वतः उचलली. लिंगम्मा पायरीवरून उठेपर्यंत बाबूलालनं दुकानात पाऊल ठेवलं नाही.

गाडीत ग्यानबा पुढं बसून बैल हाकत होता. दुबलगुंडी जवळ आली तसा किशनराव एकाएकी बोलायला लागला, ते बाबूलालशी की स्वतःशी, कळेना. धाकट्या भावाचं, गुंडेरावाचं, नाव घेऊन. वाटण्या होऊन पाच वर्षं झाली तरी मधली विहीर सामाईकच होती. गुंडेराव पाळी सोडून पाणी घेतो. गुंडेरावाचा गडी बांधावर उभा राहून घराकडं बघतो. गुंडेरावानं कुणाला तरी फोडलंय. "घरातलं कुनी तरी," तो म्हणाला आणि ग्यानबाच्या पाठीकडं बघितलं. म्हाताऱ्यानं मागं वळून पाहिलं नाही, पण त्याचे खांदे आवळले गेले.

ओसरीवर घोंगडी पडली. किशनरावानं कुणावरच भरवसा नसल्यासारखं कपाटातून काडतुसांची डबी स्वतः काढली, सहा मोजून मुठीत घेतली. बाबूलालनं रिव्हॉल्वर हातात घेतलं. चक्री बाहेर काढली. गोळ्यांची सहाची सहा घरं रिकामी आहेत हे आधी डोळ्यांनी बघितलं, मग प्रत्येकात करंगळीचं टोक घालून बघितलं.

"एक द्या."

काडतूस त्यानं पहिल्या घरात सोडलं. निरोगी हत्यारात ते आपल्या वजनानं खाली जातं आणि त्याची कड चक्रीच्या पाठीला टेकते. हे निम्म्यात अडलं. अंगठ्यानं दाबल्यावर थोडं सरकलं, पण ज्वारीच्या दाण्याएवढं वर राहिलं ते राहिलंच. एवढी कड वर राहिली की चक्री आत बसत नाही, बसवलीच तर फिरत नाही. दुसऱ्या घरात तेच, तिसऱ्यात तेच.

त्यानं काडतुसं परत किशनरावाच्या हातात मोजून दिली आणि चक्री उजेडाकडं धरली. घरांच्या आतून पिवळसर तपकिरी थर बसला होता. गुळगुळीत, चकचकीत. बाभळीचा काटा घेऊन त्यानं तो खरवडला. बारीक पापुद्रा निघाला. पापुद्रा तळव्यावर चोळून ऊब दिली आणि नाकाशी नेला.

करडई.

बाबूलालला कारण कळलं. दसऱ्याच्या आधी, खंडेनवमीला, घरोघर हत्यारं पुजतात, हळदकुंकू वाहतात, घरात असेल ते तेल बोट बुडवून लावतात. करडईचं तेल पातळ लागलं की हवेवर वाळतं आणि लाखेसारखं धरून बसतं. बंदुकीच्या नळीला ते तेल लावू नका म्हणून त्यानं आजवर किती घरांत सांगितलं असेल.

पण दुसऱ्याच क्षणी त्याला वाटलं, हे पूजेचं नाही. पूजेचं तेल मुठीवर असतं, नळीवर असतं, एका बाजूनं ओघळतं. इथं मुठीवर कुंकवाचा जुना डाग होता, पण नळी आतून आरशासारखी साफ होती. घोड्याच्या सांध्यात काही नव्हतं. फक्त सहा घरं. आणि सहाही घरांत सारखा थर, एकावर एक, पिसानं फिरवून, वाळू देऊन, पुन्हा फिरवून चढवलेला. हे एका दिवसाचं काम नव्हतं. कुणीतरी महिनोन्‌महिने हे करत होतं. ज्याला कपाटाची किल्ली कुठं असते ते माहीत होतं, आणि गोळी कुठं बसते तेही.

तेवढ्यात विहिरीकडून कुणीतरी ओरडलं. गुंडेरावाच्या गड्यानं पाटाचं तोंड फिरवलं होतं म्हणे. किशनराव ताडकन उठला, मुठीतली काडतुसं बंडीच्या खिशात घातली आणि दाराबाहेर गेला. बाबूलालनं चक्री उघडीच ठेवून हत्यार घोंगडीवर ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

आतून सुमनबाई चहा घेऊन आली. किशनरावाची बायको. पन्नाशीची, उंच, डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. कपबशी तिनं कोनाड्यातली दिली, ती वेगळी ठेवलेली. बाबूलालनं ती ओळखली आणि चहा बाजूला ठेवला.

सुमनबाई गेली नाही. घोंगडीवरल्या रिव्हॉल्वरकडं बघत उभी राहिली.

"अण्णा," ती म्हणाली, "ते हाय तसंच ऱ्हाऊ द्या."

बाबूलालनं मान वर केली. "कुनी केलंय हे?"

"मी."

"कामून?"

तिनं तोंड उघडलं, पण दाराशी किशनरावाचा खाकरा ऐकू आला. ती कपबशी तिथंच टाकून आत गेली.

आता बाबूलालच्या मनात नुसता गोंधळ. ही बाई नवऱ्याचं हत्यार मुकं करून बसली आहे. कुणासाठी? गुंडेरावासाठी? दिराचं आणि भावजयीचं काही असेल का? उद्या गुंडेराव कुऱ्हाड घेऊन आला आणि किशनरावाच्या हातातलं हे लोखंड चाललं नाही, तर त्याचं रक्त कुणाच्या माथी? आणि हे सगळं मला अडकवण्यासाठी नवरा-बायकोनं मिळून मांडलेलं नसेल कशावरून? सकाळी पिशवीचा डाव झाला, हा दुसरा असेल.

त्याच्या थैलीत राकेलची बाटली होती, पितळी तारांचा ब्रश होता, लाकडी गज होता, फलालीनच्या चिंध्या होत्या. अर्ध्या तासाचं काम. चक्रीच्या घरांत राकेल भरून ठेवायचं, थर फुगला की ब्रश फिरवायचा, चिंधीनं पुसायचं, मशीनच्या तेलाचं एक बोट लावून पुन्हा कोरडं करायचं. अठरा वर्षांत आणि त्यानंतरच्या सात वर्षांत त्यानं एकही हत्यार घाण ठेवून परत दिलं नव्हतं.

किशनराव येऊन बसला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"काय निगालं?"

"बघायलोय."

"लवकर बघ. आज न्हाई तर उद्या एखाद्याला उडवावंच लागतंय मला." हे म्हणताना त्यानं विहिरीकडं बघितलं. मग अंगणात गवत टाकणाऱ्या ग्यानबाकडं. मग आतल्या दाराकडं. तिथं त्याची नजर जरा जास्तच थांबली.

बाबूलालनं ती नजर बघितली आणि चक्री बंद केली.

"पाटील, घरं फुगलीत."

"म्हंजी?"

"पोलाद थकलंय. जुनं हत्यार. घरं आतून फुगून वाकडी झालीत. जोर लावून गोळी बसवाल आन् चाप वडाल, तर चक्री फुटंल. तुमचा हात जाईल, डोळा जाईल. ह्यात गोळी घालू नगा."

"दोन सालात फुगली?"

"दोन सालात न्हाई. हळूहळू व्हतं. आता कळायलंय."

"आन् तो पिवळा थर कशाचा? काट्यानं खरवडलास ते बघितलं मी."

"पूजेचं तेल हाय. त्याचं काय न्हाई."

जन्मात पहिल्यांदा तो हत्याराबद्दल खोटं बोलला होता. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. किशनरावानं हत्यार उचलून कपाटात ठेवलं. बाबूलाल हुमनाबादला चालत गेला. गाडी घे असं कुणी म्हटलं नाही.

दीड महिन्यानं विहिरीवर दोघा भावांची मारामारी झाली. किशनरावानं कमरेचं रिव्हॉल्वर उपसलं. त्यानं त्यात दोन गोळ्या कोंबून बसवल्या होत्या, पण चक्री मिटली नव्हती. ते लोंबतं हत्यार त्यानं भावावर रोखलं. गुंडेरावाच्या हातात खोऱ्याचा दांडा होता. दांडा मनगटावर बसला आणि किशनरावाचं हाड मोडलं. माणसं धावली, दोघांना धरलं. ही बातमी बाजारात बाबूलालला कळली तेव्हा तो एका मशीनचं चाक बसवत होता. चाक त्याच्या हातातून सुटून पायावर पडलं.

मनगट प्लॅस्टरमध्ये असतानाच किशनराव हैदराबादला गेला आणि तिथल्या एका बंदूकवाल्याला हत्यार दाखवलं. त्या माणसानं म्हणे अर्ध्या तासात साफ करून दिलं. घरं फुगलेली नव्हती, पोलाद थकलेलं नव्हतं, नुसतं वाळलेलं तेल होतं. सहाच्या सहा गोळ्या आपसूक बसल्या.

मग काय विचारता. किशनरावानं हुमनाबाद ते भालकी एकही गाव सोडलं नाही. बाबूलालला गुंडेरावानं फोडलंय. आपल्याला बिनहत्यारी करून मारायचा डाव होता. विहाराच्या जागेचा राग काढला. गुंडेरावानंही दुसऱ्या बाजूनं तक्रार केली की भावानं आपल्यावर हत्यार रोखलं. फौजदारानं दोघांचे जबाब घेतले, परवाना रद्द करायला वर लिहिलं आणि साफसूफ होऊन आलेलं ते रिव्हॉल्वर घरी येऊन आठ दिवस होण्याच्या आत ठाण्यात जमा झालं. ते नंतर कधी किशनरावाला परत मिळालं नाही.

फौजदारानं बाबूलाललाही बोलावलं.

"पलटणीत अठरा वर्षं हत्यारं बघितलीस. वाळलेलं तेल आणि फुगलेलं पोलाद तुला ओळखता येत नाही?"

"चुकलं साहेब."

"चुकलं की चुकवलं?"

"चुकलं. नजर राहिली न्हाई आता."

फौजदारानं त्याला तीन तास बसवून ठेवलं, गुंडेरावाची ओळख कधीपासूनची, शेवटी कुठं भेटलास, पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी लिंगम्मानं पिशवीच्या दिवशीची हकीकत येऊन सांगितली आणि त्याला सोडलं. पण त्या दिवसापासून पोलिसाची फेरी त्याच्या दुकानावरून जाऊ लागली. एकाही पाटलानं, देशमुखानं त्याला परत बोलावलं नाही. त्याला काम येतच नाही, असं निम्मे म्हणत. येतं पण इमान नाही, असं बाकीचे म्हणत. विहाराच्या अर्जावर सह्या केलेल्या दुबलगुंडीच्या माणसांनाही शंका आली. एकानं येऊन विचारलंच, "बाबूलालदादा, खरंच गुंडेरावाशी काय ठरलं व्हतं का? आमाला सांगा, आमी कुनाला बोलत न्हाई."

घरी भागाबाईनं, त्याच्या बायकोनं, ताट वाढता वाढता विचारलं, "तुमची नजर कवा अधू झाली?"

"झाली."

"काल माज्या सुईत दोरा तुमीच ववून दिला."

तो खाली मान घालून जेवत राहिला. भागाबाई त्याच्या तोंडाकडं बघत बसली. त्यानंतर कित्येक वर्षं ती त्याच्याकडं अधूनमधून तसंच बघायची. जवळच्या माणसाचं तसं बघणं त्याला फौजदाराच्या तीन तासांपेक्षा जड जायचं.

पण त्याच्या स्वतःच्या मनातला किडा वेगळाच होता. आपण कुणाला वाचवलं? त्या बाईनं कारण सांगितलंच नव्हतं. किशनरावाचं मनगट वाकडंच बसलं, त्या हाताला नांगर धरवेना. दुबलगुंडीचा माणूस दुकानात आला की बाबूलाल सहज बोलता बोलता विचारी, गुंडेराव किशनरावाच्या घरी येतो-जातो का, सुमनबाईचं कसं चाललंय. कुणी काही वेगळं सांगितलं नाही. न सांगण्यातही त्याला संशय येई.

त्र्याऐंशी साली किशनराव काविळीनं गेला. दोन वर्षांनी एका बाजाराच्या दिवशी सुमनबाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. हातात बिघडलेला स्टोव्ह होता. केस पांढरे झाले होते. बाबूलालनं स्टूल पुढं केलं, ती बसली.

"अण्णा, तुमाला लई तरास झाला."

बाबूलाल स्टोव्हची पिन काढत राहिला.

"तुमाला वाटलं असंल मी भावजींसाठी केलं."

"वाटलं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? अकरा वर्सं वाटायलंय."

सुमनबाईनं मान हलवली. तिला राग आलेला दिसला नाही.

"समद्यास्नी तसंच वाटलं असतं. म्हनून तर कुनाला बोलले न्हाई. त्येंचा संशय एका जागी बसत नव्हता अण्णा. आज भावावर, उद्या ग्यानबावर, परवा तुमच्यावर. ज्याच्यावर संशय, त्याच्या नावानं ते पिस्तूल काडून उशाला ठेवायचे. एकदा दिवेलागनीला जेवायला बसले व्हते. भाकर मोडता मोडता मला म्हनले, गुंड्या घरावरनं गेला तवा तू दारात का उभी व्हतीस? मी म्हनलं, वाळवन काढायलते. काय बोलले न्हाईत. रातच्याला बघितलं तर पिस्तूल उशाला. दुसऱ्या दिवशी तुमी आधीच्या साली कसं साफ केलतं ते आठवलं. गोळी कुठं बसती ते मी दारामागून बघितलं व्हतं. कोंबडीचं पीस घेतलं आन् तेल फिरवलं. ते शेतावर गेले की रोज."

"मला त्या दिवशी का न्हाई सांगितलं?"

"सांगायलते. ते आले."

स्टोव्हचा बर्नर भलताच तुंबला होता. बाबूलालनं तो सोडवला, झटकला, पुन्हा बसवला. पेटवून दाखवला. निळी ज्योत धरली तशी सुमनबाई उठली. जाताना ती म्हणाली, "त्येंचा हात मोडला त्याचं मला वाईट वाटतंय. मरेपर्यंत मीच घास भरवला. पन ते जगले नऊ सालं. आमी बी जगलो."

ती गेल्यावर बाबूलालनं तिच्या बोलण्याचा एकेक धागा तपासला. किशनरावाची आतल्या दारावर थांबलेली नजर त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. तिचं खरं असणार असं त्याला वाटलं. तरी पुरतं नाही. इतकी वर्षं संशय घेऊन बसल्यावर तो एका दुपारी उठून जात नाही.

घरी जाऊन त्यानं भागाबाईला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला तवाच सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"तुला बी गप बसावं लागलं असतं."

"बसले असते," ती म्हणाली आणि चुलीपुढं जाऊन बसली. तिच्या पाठीवरून त्याला कळलं की तिचा राग गेलेला नाही, पण त्याच्यावरचा संशय गेलाय.

लोकांना मात्र त्यानं काही सांगितलं नाही. सुमनबाईला त्याच गावात राहायचं होतं.

सत्त्याऐंशीच्या सुमारास एका गावचा तरुण पाटील त्याच्याकडं आला. जुन्या गोष्टी त्याला ठाऊक नव्हत्या किंवा ठाऊक असून फिकीर नव्हती. वडलांचं रिव्हॉल्वर त्याच्या नावावर झालं होतं, गोळ्या नीट बसत नव्हत्या. बाबूलालनं चार दिवस विचार केला आणि गेला. त्यानंतर आणखी दोन-तीन घरांनी बोलावलं. साठीला आलेल्या त्या माणसाची नजर अजून चांगली होती, हातही स्थिर होता.

पण आता तो ओसरीवर बसल्यावर थैली लगेच उघडत नसे. पाणी मागे. घरात कोण कोण आहे, भाऊ किती, वाटण्या झाल्यात का, असं विचारत बसे. बाई पाणी घेऊन आली की ती नवऱ्यासमोर कशी उभी राहते ते बघे. मालकाची नजर कुठं कुठं जाते ते बघे. सगळं मनाजोगतं वाटलं तर चक्री बाहेर काढून सहाही घरं लख्ख करून द्यायचा, एकेक गोळी टाकून दाखवायचा. आणि एखाद्या घरून, ब्रश आणला नाही, राकेल संपलंय, असं काहीतरी सांगून तो थैली न उघडताच परत यायचा. पुन्हा बोलावणं आलं तरी त्या घरी जायचा नाही. का, ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही, आणि लोक मागं म्हणत राहिले की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.